दुसऱ्या रकान्यातलं नाव

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत खुशीच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. कारण पुढची चार वर्षं त्या घरात जो कुणी कुणाशी भांडला, तो त्या न पडलेल्या गोष्टींवरूनच भांडला.

जर्मनीत ब्रेमेन नावाचं बंदर आहे. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या प्रयोगशाळेत तिला प्रतवारीची नोकरी लागली होती. जगभरातून आलेल्या गाठींतला चिमूटभर कापूस बोटांत घ्यायचा, ओढायचा, उजेडाला धरायचा आणि तो कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. पगार असा, की घनश्यामच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, अख्ख्या घराची वर्षाची मिळकत तिनं तीन महिन्यांत मागं टाकली असती. पण पोरीचा जीव पगारात नव्हता. बारा वर्षांची असताना ती बापाबरोबर मारेगावच्या जिनिंगवर गेली होती. ग्रेडर गाडीवर चढला, एक चिमूट उपटली, बोटांत ओढली, खाली टाकली आणि म्हणाला, "दुय्यम." तेवढ्या एका शब्दानं बापाचं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं.

"त्याले कसं समजलं, बाबा?"

"त्याच्या बोटाले समजते."

त्या दिवसापासून तिला ती बोटं हवी होती. नागपूरला ती कापसाचंच शिकली, दोन वर्षं मुंबईत शिकाऊ म्हणून राबली आणि ब्रेमेनवाल्यांनी भारतातून दोघांना निवडलं त्यात ती एक निघाली. मारेगावच्या चौकात फलक लागला. समाजमंडळानं शाल-श्रीफळ दिलं. 'पोरीले एवढं शिकवून काय करता' असं ज्यांनी दहा वर्षं विचारलं होतं, त्यांनी त्या फलकावर स्वतःचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे छापून घेतले.

त्याच भरात तिनं हक्कसोड करून दिलं. कुणी जबरदस्ती केली असती तर निदान रडायला जागा राहिली असती. व्हिसा, तिकीट, परदेशातले पहिले महिने, यांना चार लाख लागत होते. थोरला भाऊ अक्षय म्हणाला, "मी देतो जमवून." आणि खुशीच म्हणाली, "मंग माह्या हिश्श्याचं वावर तू घे, दादा. मले कायले पाहिजे? मी का आता सरकी टोबायले येऊन राह्यली इथं?" निबंधकाच्या कचेरीत दस्ताबरोबर फोटो काढतात. त्या फोटोत ती हसते आहे.

मग पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडं वर्षाचे सालगडी ठरतात, वावरं ठोक्यानं दिली जातात, अख्ख्या वर्षाची घडी बसते. त्या वर्षी पाडव्यालाच सगळा देश कुलूपबंद झाला. तीस मार्चचं विमान उडालं नाही. एप्रिलमध्ये पत्र आलं, रुजू होण्याची तारीख पुढं ढकलली आहे. जूनमध्ये दुसरं आलं, गिरण्या बंद आहेत, कापसाला उठाव नाही, आपलं पद रद्द करण्यात येत आहे, प्रकृतीची काळजी घ्यावी. दोन वर्षांनी तिनं पुन्हा विचारणा केली, तेव्हा ती प्रयोगशाळाच दुसऱ्या कुणी विकत घेतली होती आणि बोटांचं काम यंत्राकडं गेलं होतं.

आता खुशी अठ्ठावीस वर्षांची होती. हंगामाचे चार महिने ती एका जिनिंगवर संगणकापुढं बसायची आणि दुसऱ्यांनी पुकारलेली प्रत टाइप करायची. आणि तिनं हसत हसत सोडलेल्या त्या वावरावर यंदा कोळशाची खाण येत होती.

*

खाणीचा हिशोब गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. जमिनीचे पैसे वेगळे, आणि वर दर दोन एकराला घरातल्या एकाला नोकरी. घनश्यामचं चार एकर जात होतं, म्हणजे दोन नोकऱ्या. अर्जावर दोन रकाने होते. पहिल्या रकान्यात अक्षयचं नाव जाणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण दुसऱ्या रकान्याचं होतं. आणि अर्जासोबत घरातल्या सगळ्या लेकींची ना-हरकत जोडायची होती, ज्यांनी हक्क सोडला त्यांचीसुद्धा. शुक्रवार शेवटचा दिवस.

म्हणून अक्षयनं महालक्ष्म्यांचा मुहूर्त धरला. त्या दिवशी माहेरवाशिणी येतात, पुरणानं पोटं भरलेली असतात, आणि देवीसमोर भांडण काढायची घराण्यात चाल नाही. असा दिवस निवडणाऱ्या माणसाला भोळा कुणी म्हणू नये.

रुक्माबाई, घनश्यामची थोरली बहीण, कळंबहून सकाळच्याच एसटीनं आली. अक्षयनं पाणी देता देताच कागद पुढं केला.

"आत्या, सही करून टाक. मंग निवांत जेवू."

"आधी जेवू घाल. उपाशी बाईच्या सहीले बरकत नसते."

जेवण झालं. आंबील, पुरण, सोळा भाज्या, सगळं यथासांग. घनश्याम भिंतीला टेकून बसला, त्याची बायको कोकिळा दुखरे गुडघे लांब करून देवीच्या मखराशेजारी. सून सोनू उष्टी काढत होती. खुशी सुपारी कातरत होती, आणि सुपारीपेक्षा आवाज अडकित्त्याचा जास्त येत होता. रुक्माबाईनं चष्मा लावला आणि अर्ज डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"हा दुसरा रकाना रिकामा काहून हाय?"

"सोनूचं नाव टाकायचं हाय," अक्षय म्हणाला.

"अन् खुशी? ते का शेजाऱ्याची हाय?"

"तसं नाही, आत्या. खुशीचं आज ना उद्या लगन होईन. नोकरी जाईन तिच्यासंगं परक्या घरी. तूच सांग, महालक्ष्मीचा परसाद आपण उंबऱ्याबाहेर देतो का? उरला तं परसात पुरतो, पण बाहेर देत नाही."

"परसाद नाही देत तुमी. लेकी बरोब्बर देता."

घनश्यामनं मान खाली घातली. रुक्माबाईला तेवढंच हवं होतं.

"एक्याण्णव साली तुह्या आज्यानं मले ह्याच खोलीत बसवलं होतं, अक्षय. म्हणे, बाई, सही कर, वावर गेलं तरी माहेर तुटत नाही. म्या केली. लुगडं भेटलं. पयल्या धुण्यात त्याचा रंग गेला. तवापासून माहेर म्हणजे काय, तं वर्षातून एकदा ह्या आंबिलीची वाटी. आता आयकून घे. खुशीचं नाव दुसऱ्या रकान्यात येईन, तवाच माह्यी सही."

कोकिळानं नणंदेकडं अशी नजर टाकली, की जणू तिनं देवीचा मुखवटा उचलून पिशवीत घातला.

"बाई, तुमाले आमच्या घरात भांडण लावाले एवढ्या दुरून या लागलं?"

"लांब कुठं? पासष्ट रुपये तिकीट. बाईले अर्धंच."

आता रुक्माबाईच्या या मायेचं मोल करू. कळंबला तिच्या दिराचा मुलगा कपिल चौतीस वर्षांचा होता. सात एकर वावर, स्वभावानं गरीब, आणि केवळ कास्तकार म्हणून अकरा पोरींनी त्याला नाही म्हटलेलं. चिंतामणीला नवस करून झाले होते. खाणीत पगार घेणारी सून त्या घरात आली, तर रुक्माबाईचं उरलेलं म्हातारपण दिराच्या घरी मानाचं जाणार होतं. सकाळी तिनं कपिलचा फोटो खुशीच्या हातात कोंबला होता. खुशीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोटो तिनं पर्समध्ये ठेवला. सही मिळेपर्यंत आत्या हातची जाऊ द्यायची नाही, एवढा व्यवहार ब्रेमेनच्या पत्रानं तिला शिकवला होता.

"अन् माह्यी सही?" खुशी अडकित्ता खाली ठेवत म्हणाली. "मले कोणी विचारलंच नाही, दादा."

"तुले काय विचारायचं? तू तं घरचीच हाय."

"मंग घरचीचं नाव लिही."

अक्षय उठला आणि ओट्यावर गेला. थोड्या वेळानं बापही त्याच्यामागं गेला.

*

अक्षयला वाईट म्हणायचं तर म्हणावं, पण त्याची बाजू कच्ची नव्हती. एकवीसच्या एप्रिलमध्ये तो यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस प्राणवायूवर होता. तेव्हापासून वखराच्या मागं दोन तास गेले, की त्याला तिसऱ्या तासाला बांधावर बसावं लागे आणि बैल मागं वळून बघत. खाणीत निदान वजनकाट्यावर किंवा गोदामात बसायचं काम मिळालं असतं. वावर तर जाणारच होतं. नोकरीही गेली तर तो कशाचा धनी राहणार होता?

"दोन पगार एका घरात आले, तं पोरीले शिकवता येईन, बाबा. घर बांधता येईन. खुशीचं लगनही धडाक्यात लावू. मी का तिच्या वाईटावर हाय?"

"तू नाही," घनश्याम म्हणाला. "पण चार लाख तिचे होते, बापू."

याचा हिशोब असा होता. हक्कसोडाचे चार लाख खुशीला मिळाले आणि विमान उडालंच नाही, म्हणून ते तिच्या खात्यात पडून राहिले. अक्षय पडला, तेव्हा बँकेचा माणूस फोन उचलत नव्हता, सोनं घ्यायला सराफ दुकान उघडत नव्हता. तिनं सगळे काढले. तिचं वावर अक्षयच्या नावावर आणि त्या वावराचे पैसे अक्षयच्या छातीत, अशी दोन्ही टोकं एकाच माणसाशी येऊन थांबली.

"मले आठवते ना," अक्षय म्हणाला. "ते रोज आठवून देते, तोंडातून चकार शब्द न काढता. जेवायले बसलं का वाटते, मी तिचा घास खाऊन राह्यलो. मी मागतले होते का पैसे? मी तं शुद्धीतच नव्हतो."

"तेच म्हणतो मी. तू नव्हता. मी होतो." घनश्यामनं दोरखंडाचा सुटलेला पीळ उगाच घट्ट केला. "म्याच तिले म्हटलं, बाई, काढ."

"मंग आता काय करता?"

"तुमी दोघं ठरवा. मी सही करतो जिथं म्हणान तिथं."

घनश्यामचं सगळं आयुष्य याच एका वाक्यावर निघालं होतं. त्यामुळं त्याला कुणी शत्रू नव्हता, आणि त्याच्या घरात एकही गोष्ट धड ठरलेली नव्हती.

*

परसात सोनू खड्डा खणत होती. उरलेला प्रसाद पुरायचं काम सुनेचं. चार वर्षांची पोर घरात झोपली होती. खुशी दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. बोलायचं तिच्या मनात नव्हतं. घरात आत्या आणि आई एकमेकींना टोमणे मारत होत्या आणि ते ऐकून तिला वीट आला होता.

"ताई, तेवढी परात द्या जरा."

खुशीनं परात दिली.

"तुमी माह्यावर रागावल्या का?"

"तुह्यावर कायले रागावू, वयनी? तुह्यं नाव दादानं काढलं. तुले तं त्यानं विचारलंही नसंन."

"नाही विचारलं." सोनूनं मातीचं ढेकूळ फोडलं. "पण विचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं."

खुशीनं तिच्याकडं नीट पाहिलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. या बाईला भाकरी, भांडी आणि पोर यापलीकडं काही हवं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"एक सांगू का? कोणाले सांगू नका. मी एकवीस साली अंगणवाडीचा अर्ज भरला होता. आपल्याच गावची अंगणवाडी. यादीत पयलं नाव माह्यं लागलं होतं."

"तुह्यं?"

"हव. सात दिवसात कागदं घेऊन हजर व्हा म्हणे. ते सात दिवस मी यवतमाळले दवाखान्याच्या गेटसमोर बसली होती. पोरगी सहा महिन्याची, अंगावर पिणारी. फोन आला तं म्या म्हटलं, मॅडम, मालक सिरिअस हाय. ते म्हणे, बाई, आमचाही नाइलाज हाय. मंग यादीत दुसरं नाव त्या जमनीबाईचं होतं, तिले नोकरी लागली. रोज सकाळी आपल्या दारावरून जाते लेकरं घेऊन. मले म्हणते, काय सोनूबाई, झाला का चहा?"

"दादाले माहीत हाय?"

"ते बरे झाल्यावर सांगितलं. ते म्हणे, बरंच झालं, त्या पगारात चहा-साखर तरी सुटली असती का." सोनू हसली, पण त्यात गंमत नव्हती. "तुमची नोकरी गेली तं सगळं घर चार वर्षं हळू बोलते, ताई. आई उपास करतात. बाबा तुमच्यासमोर बातम्या लावत नाही. माह्यी गेली ते कोणाले समजलीच नाही. मी म्हणत नाही का तुमची लहान होती. तुमची मोठीच होती. पण मले तं तेवढीच होती."

परसातल्या तुळशीपाशी मुंग्यांची रांग प्रसादाकडं निघाली होती.

"तुमी शिकलेल्या हाय," सोनू म्हणाली. "तुमाले आणखी कुठं भेटीन. तुमी ना-हरकतीवर सही केली, तं मी जन्मभर..."

"वयनी." खुशीचा आवाज एकदम कोरडा झाला. "मले अठ्ठावीस लागलं. आणखी कुठं म्हणजे कुठं, ते मले सांग. मी चार वर्षं शोधून राह्यली."

सोनूनं खड्ड्यात माती लोटली आणि पायानं दाबली. एवढ्या लवकर उत्तर मिळेल, असं तिला वाटलं नव्हतं.

*

चार वाजता सगळे पुन्हा देवीसमोर बसले. अर्ज पाटावर, पेन घनश्यामच्या हातात. अक्षयनं शेवटचं म्हणून सांगितलं, "मी कोणावर जबरदस्ती करत नाही. पण सही नाही झाली तं शुक्रवारी दोन्ही नोकऱ्या जातात. माह्यीही."

"मले माहीत हाय," खुशी म्हणाली. "म्हणूनच बसली मी इथं. दादा, तुह्या दवाखान्यात गेले ते पैसे माह्या वावराचे होते. वावर तुह्यं, पैसे तुले लागले, आता नोकरीही तुह्या बायकोले. मले काय राहते, ते सांग."

हे वाक्य तिनं चार वर्षं घोळून ठेवलं होतं. एवढं जपलेलं वाक्य तोंडातून निघालं, की नेहमी चुकीच्या जागी पडतं.

"भावाच्या जिवाचा हिशोब काढतं?" कोकिळा कडाडली. "महालक्ष्मीसमोर? अवं, तो मेला असता तं काय वावर घेऊन बसली असती?"

"मी तसं नाही म्हणत, आई."

"तसंच म्हणून राह्यली. मी तं म्हणतो सोनूचंच नाव लिहा. तिनं कधी हिशोब नाही मांगतला."

रुक्माबाईनं तोंड उघडलं, पण भावजयीच्या तोंडाचा पट्टा सुटलेला पाहून मिटलं. घनश्यामनं पेनाचं टोपण काढलं. अक्षय थोडा पुढं सरकला. सोनू स्वयंपाकघराच्या दारात होती, पदराला हात पुसत. हात केव्हाच कोरडे झाले होते.

खुशीनं आईकडं पाहिलं. आईचे गुडघे पाहिले. नंतर सोनूकडं पाहिलं, आणि तिथून नजर पटकन काढून घेतली. बाराव्या वर्षापासून कापूस बोटांत ओढून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. कोणताही धागा कुठून तुटेल, ते त्याच्या सगळ्यात बारीक जागेवर ठरतं.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "लिहा वयनीचं. फक्त एक इचारतो, आई. खाणीत पाळ्या असतात. सकाळची पाळी असली तं पाचले घरातून निघा लागते. दादाचा डबा, वयनीचा डबा, तुमच्या दोघाच्या भाकरी, ते कोण करन?"

"ते... सोनू करन निघायच्या आधी."

"अन् रात्रपाळी असली तं? वयनी दिवसभर झोपन. मंग पोरीले कोण पायन? तिच्या मागं धावणं तुह्यानं होईन का? धुणं हाय, भांडे हाय, दुभती म्हैस हाय. सात तारखेले गुडघ्याच्या डॉक्टरकडं जायचं, तं कोण नेईन?"

कोकिळाचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"मी चारले उठीन, आई," सोनू दारातून म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या घरात सगळ्यांसमोर ती पहिल्यांदा न विचारता बोलली होती. "मी सगळं करून जाईन. रातपाळी असली तरी दुपारी उठीन. करीन मी."

"आज म्हणशीन करीन," कोकिळा म्हणाली, पण आता तिचा आवाज निराळा होता. त्यात माया आली होती, आणि सुनेला ती माया कधी येते ते पक्कं ठाऊक होतं. "अवं बाई, तुह्यं लेकरू चार वर्षाचं. माय घरात नसली तं लेकराचे हाल होतात. कोळशाच्या धुळीत जाऊन तू पडली, तं मी काय करू? ऐकून राह्यले का तुमी? पोट्टी बराबर म्हणते. सोनूले घराबाहेर काढून नाही जमत."

घनश्याम म्हणाला, "मले काय, तुमी ठरवा."

अक्षयनं बायकोकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको: सकाळची थंड चूल, रडणारी पोर, कुरकुरणारी आई, आणि दोन्ही पाळ्यांत विभागलेलं घर. दुसरा पगार त्याला हवाच होता. फक्त तो कुणाच्या हातून येतो, याला एवढं महत्त्व होतं का?

"खुशी, पगार घरात देशीन का? लगन होयेपर्यंत?"

"अर्धा."

"अर्ध्यावर काय होते? घर बांधायचं..."

"अर्धा, दादा. नाही तं सही नाही."

"लिहा तं मंग!" रुक्माबाईनं टाळी वाजवली. "लक्ष्मी घरातच राह्यली ना? अन् लगनाचं तुमी माह्यावर सोडा. जवळचंच पायतो मी, पोरगी नजरेसमोर राहीन."

अक्षयनं मान हलवली. घनश्यामनं दुसऱ्या रकान्यात सावकाश, शाळेतल्या वळणानं नाव लिहिलं. खुशी. मग अडनाव. मग वडिलांचं नाव, म्हणजे स्वतःचंच; ते लिहिताना त्याला थोडं बरं वाटलं असावं.

रुक्माबाईनं सही केली. कागद खुशीकडं सरकला. तिनं पेन हातात घेतलं.

"ताई," सोनू म्हणाली.

खुशी थांबली. वर पाहिलं नाही.

"काही नाही," सोनू म्हणाली. "सही झाली का सांगा. चहा टाकतो."

खुशीनं सही केली. या खेपेला कुणी फोटो काढला नाही.

*

संध्याकाळी रुक्माबाई शेवटच्या एसटीनं कळंबला परतली, अर्ज अक्षयच्या पिशवीत गेला आणि मागं जे उरलं त्याची बेरीज करायला हरकत नाही.

अक्षयला खाणीची नोकरी मिळाली आणि वर बहिणीचा अर्धा पगार. त्याचं खर्ची पडलं ते फक्त वावर, जे आधीच जाणार होतं. घनश्यामला दोन्ही लेकरांशी बोलता येईल एवढी सोय झाली आणि त्यासाठी त्याला दोन ओळी लिहिण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. कोकिळाचे गुडघे वाचले. रुक्माबाईच्या पासष्ट रुपयांच्या अर्ध्या तिकिटावर कपिलसाठी एक आशा आली. ती फळेल की नाही ते पुढचं पुढं, पण घाट्यात ती नव्हती.

खुशीला पगार मिळणार होता. पण ब्रेमेन तिला कुणी परत दिलं नव्हतं. ज्या मातीतला कापूस तिनं पहिल्यांदा बोटांत ओढला, तीच माती आता डंपरनं उचलली जाताना मोजायचं काम तिच्या वाट्याला आलं. शिवाय एका माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची सोय तिनं त्या दुपारी गमावली, आणि ते माणूस रोज सकाळी तिचा डबा भरणार होतं. हीही किंमतच झाली. तिनं ती समजून उमजून दिली, एवढं तिच्या नावावर लिहायला हवं.

बाकी जे काही त्या घरात कुणाला मिळालं, ते सगळं सोनूच्या खात्यातून गेलं. अंगणवाडी गेली ती एका माणसाचा श्वास चालू राहावा म्हणून. खाण गेली ती सगळ्यांच्या भाकरी वेळेवर पडाव्या म्हणून. दोन पिढ्यांच्या लेकींच्या सह्या त्या कागदाला लागल्या, घनश्यामची लागली. सुनेच्या सहीसाठी त्यावर जागाच छापलेली नव्हती.